आडव्या शिरा

वेल्डा रॅटलिफ शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. बाह्या दुसऱ्या बायका जोडत, काजं आणखी कुणी करत. वेल्डाच्या मशीनपुढं गठ्ठा यायचा तो फक्त कॉलरींचा. तरुणपणी लागली होती, आता चाळिशी उलटून पन्नाशी दिसायला लागली तरी समोर तोच गठ्ठा होता. नवरा मोटारींच्या कारखान्यात नोकरी धरतो म्हणून ओहायोला गेला. पहिल्या नाताळाला आला, दुसऱ्या नाताळाला नुसतं कार्ड आलं, पुढं तेही बंद झालं. त्यानं तिकडं दुसरी केल्याचं कुणीतरी तिला चर्चच्या पायऱ्यांवर सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं. आता तिला धुवू देत त्याचे मोजे." पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. आपली पेटी उचलली, माहेरचं आडनाव पुन्हा लावलं आणि बापाच्या घरी राहायला आली.

बापाचं घर पिजन क्रीकच्या खोऱ्यात अगदी वरच्या अंगाला होतं. त्याच्यावर मग डोंगरच. एनॉक रॅटलिफनं उभा जन्म कोळशाच्या खाणीत काढला होता, पण खोऱ्यात त्याला खाणकामगार म्हणून कुणी ओळखत नसे. तो ठासणीच्या बंदुका करायचा. आजा करायचा, बाप करायचा, म्हणून तोही. खाणीतून वर आला की तोंड धुवायचं आणि घरामागच्या पडवीत शिरायचं. खोऱ्यात शनिवारी नेमबाजीच्या पैजा लागत. तिथं निम्म्या माणसांच्या हातात एनॉकची बंदूक असे आणि उरलेल्या निम्म्यांना ती हवी असे.

पण म्हातारपणी त्याचे हात कापायला लागले. आधी कपातली कॉफी बशीत सांडायची, मग बटणं लागेनात, मग पटाशी धरवेना. डोळ्यांतही मोतीबिंदू उतरला. तेव्हा एक दिवस त्यानं वेल्डाला हाक मारली. "पोरी, तुझे हात दे जरा." ते हात त्यानं परत केलेच नाहीत. ती कारखान्यातून यायची, घेवडा चुलीवर चढवायची आणि पडवीत जायची. एनॉक स्टुलावर बसून ओरडायचा, ती लाकूड कोरायची. नळीची खाच तिनं कोरायची, दारू ठासायच्या गजाचं भोक तिनं पाडायचं, कानस तिनं मारायची. एवढं सगळं त्यानं तिच्या हाती दिलं, फक्त आखणी दिली नाही.

"करवत वाकडी गेली तर कानशीनं निभावता येतं," तो म्हणायचा. "आखणी चुकली तर देवसुद्धा निभावून नेत नाही."

आणि ते खरंच होतं. पिस्तुलाचा दस्ता लांबून बघावा तर सोपा वाटतो. पुढं नळीखाली सरळ लाकूड, मागं हातात धरायची मूठ, खाली वळलेली. सगळी गोम त्या वळणात असते. मूठ जिथं वळते ती मान बारीक ठेवावी लागते, नाहीतर हातात बसत नाही. त्या मानेतून लाकडाच्या शिरा मुठीबरोबर खाली वळत गेल्या तर दस्ता पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. त्याच शिरा मानेत आडव्या आल्या, तर तिथं लाकूड बिस्किटासारखं मोडतं. म्हणून पिस्तुलासाठी झाडाच्या बेचक्यातली फळी घ्यायची. तिथं शिरा आपणहून वळलेल्या असतात.

त्या उन्हाळ्यात ब्रॅडी स्टिल्टनरनं पिस्तूल सांगितलं. ब्रॅडीच्या उजव्या खांद्यावर खाणीतलं छत आलं होतं. हात वाचला, पण छातीच्या वर जाईना. बंदूक खांद्याला लावणं संपलं. पोरवयापासून पैजा मारलेला माणूस शनिवारी कुंपणापाशी उभा राहून दुसऱ्यांचे नेम बघायचा आणि वाटेल ते बडबडायचा.

"एनॉककाका, डावा हात शाबूत आहे," तो म्हणाला. "त्याच्यापुरतं काहीतरी करा. नाहीतर मला आता चर्चच्या गाण्यात जावं लागेल, आणि माझा आवाज तुम्ही ऐकलाय."

"ऐकलाय," एनॉक म्हणाला. "करतो पिस्तूल."

नळी होती, चकमकीचा घोडा एनॉकनं हात चांगले होते तेव्हाच घडवून ठेवला होता. राहिलं होतं लाकूड.

आखणीच्या दिवशी वेल्डा घरी आली ती पाय ओढतच. कारखान्यात नव्या मुकादमानं कॉलरींचा आकडा वाढवला होता, दिवसभर पंखा बंद होता, आणि घोटे सुजून बुटांच्या बाहेर आले होते. तिला फक्त बादलीत पाय घालून बसायचं होतं. पण पडवीत एनॉक वाट बघत होता. समोर बाकावर अक्रोडाची फळी, शेजारी पत्र्याचा नमुना, ओला फडका, पेन्सिल. म्हाताऱ्यानं दाढीसुद्धा केली होती. गालावर दोन ठिकाणी कापलं होतं.

"ये. बूट नंतर काढ," तो म्हणाला. "आधी फळी पूस."

फळी तिनं आदल्या दिवशीच रंधून ठेवली होती. गुण्या लावून तिनं कोपरे पुन्हा पाहिले आणि ओला फडका फिरवला. पाणी लागताच लाकूड गडद झालं आणि शिरा वर आल्या.

"वळण डावीकडं आहे," एनॉक म्हणाला. "हे झाड मी स्वतः पाडलं. बेचकं मी स्वतः चिरलं. मूठ डावीकडं येणार." कापऱ्या हातांनी त्यानं नमुना उचलला आणि फळीवर ठेवला. "नळी आधी. नळीची रेघ वरच्या कडेला समांतर. मग कान कुठं येतो ते बघ, ठिणगी जिथं पडते तिथं. कानावरून घोडा, घोड्यावरून चाप, आणि सगळ्यात शेवटी मूठ. उलट्या क्रमानं गेलीस की मेलीस."

वेल्डा फळीकडं बघत राहिली. शिरांचं वळण उजवीकडं होतं. डावीकडचं लाकूड सरळसोट होतं. माळ्यावरून खाली-वर करताना कधीतरी फळी फिरली होती आणि म्हाताऱ्याच्या डोक्यात ती जुन्याच अंगानं पडलेली होती. नमुन्याची मान सरळ शिरांवर आली होती. त्या तिथं आडव्या कापल्या जाणार होत्या.

"डॅडी," ती म्हणाली, "एकदा फिरवून बघायचं का?"

"काय फिरवायचं?"

"फळी. मला वाटतं, वळण या अंगाला..."

"तुला वाटतं!" एनॉकनं मान वर केली. दुधाळलेले डोळे तिच्या तोंडाच्या जरा बाजूला रोखले. "तू अंगणात नागडी फिरत होतीस तेव्हा मी हे बेचकं चिरलंय. आता तू मला सांगणार वळण कुठं ते? माझं एवढंच राहिलंय, वेल्डा. तेही घे. घे!"

तिनं त्याच्याकडं पाहिलं, गालावरच्या दोन कापल्या जागांकडं पाहिलं. वाद घालायचा म्हणजे त्याला पटवायचं, तो चिडणार, मग जेवणार नाही, मग रात्रभर खोकणार. घेवडा अजून चढायचा होता. घोट्यांत ठणका मारत होता. भांडायलासुद्धा अंगात काहीतरी शिल्लक लागतं.

"धरा नीट," ती म्हणाली आणि नमुन्याच्या कडेनं पेन्सिल फिरवली.

करवतीनं तिनं त्या रेघेबरहुकूम लाकूड कापलं. उद्या सांगू, असं मनात होतं. उद्याही ती अशीच दमून आली. मग नळीची खाच कोरायला घेतली, आणि खाच इतकी सुरेख बसली की सांगायचं जिवावर आलं. मग घोड्याची जागा कोरली. जितकं काम पुढं जात होतं तितकं सांगणं महाग होत होतं. मानेवर कानस फिरवताना ती दुसरीकडं बघायची. एनॉक मात्र त्या आठवड्यांत खुशीत होता. स्टुलावर बसून जुन्या पैजांच्या गोष्टी सांगायचा, आणि स्वतःच्याच विनोदांना हसता हसता खोकायचा.

सफरचंदं उतरायच्या दिवसांत ब्रॅडी मूठ हाताला बसते का ते बघायला आला. दस्ता घासून झाला होता, तेल लागायचं होतं, चापाखालची पितळी पट्टी बसायची होती. वेल्डानं पिस्तूल त्याच्या डाव्या हातात दिलं. ब्रॅडी अंगणात गेला, लांबच्या कुंपणाच्या खांबावर नेम धरला आणि गालात हसला.

"काका, हे माझ्या हातातच उगवल्यासारखं वाटतंय."

"घोडा ओढून बघ," एनॉक म्हणाला. "कडक आहे का ते सांग."

ब्रॅडीनं पिस्तूल मांडीला टेकवलं आणि अंगठ्यानं घोडा मागं दाबला. काडकन आवाज झाला. नळी आणि पुढचं लाकूड त्याच्या बुटावर पडलं, मूठ तेवढी हातात राहिली.

कोंबड्या फडफडत पळाल्या.

"जाऊ दे," ब्रॅडी म्हणाला. "लहान पिस्तूल हवंच होतं मला. फक्त इतकं लहान नको होतं."

एनॉक हसला नाही. "मूठ दे इकडं."

ब्रॅडीनं ती त्याच्या हातात ठेवली. एनॉकनं मोडलेल्या तोंडावरून अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा. हात कापत होता तरी अंगठ्याला सगळं कळत होतं.

"शिरा आडव्या आहेत," तो म्हणाला. "कुणी आखलं हे?"

"मी," वेल्डा म्हणाली. "मी आखलं. चुकलं माझं, ब्रॅडी. दुसरं करून देते."

"अगं, होतं असं," ब्रॅडी म्हणाला, "खाणीचं छतसुद्धा कुणीतरी हुशार माणसानंच आखलं होतं." त्यानं नळी उचलून बाकावर ठेवली, थोडा वेळ हवापाण्याचं बोलला आणि निघून गेला. शरदातली वर्षाची मोठी पैज आता हुकणार हे तिघांनाही कळलं होतं. ते त्यानं तोंडातून काढलं नाही.

त्याच्या गाडीचा आवाज वळणापलीकडं गेल्यावर एनॉक म्हणाला, "खोटं कशाला बोललीस?"

"मग काय बोलायला हवं होतं?"

"तुला त्या दिवशी दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"आणि रेघ ओढलीस?"

"ओढली."

"का?"

"दमले होते, डॅडी."

म्हातारा उठला. स्टूल मागं पडलं. "दमली होतीस! दारू भरलेलं असतं तर? त्याचा एक हात खाणीनं नेला, दुसरा मी नेला असता! माझ्या बंदुकीनं आजवर कुणाच्या बोटाला चीर पडली नाही, आणि तू... ओरडली का नाहीस? लाथ का नाही घातलीस माझ्या स्टुलाला?"

"कारण माझ्यात त्राण नव्हतं!" वेल्डाचा आवाज चढला. तो तसा चढलेला तिनं स्वतःही कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. "दिवसभर मुकादमाचं ऐकायचं, घरी येऊन तुमचं ऐकायचं. एकदा सांगितलं मी, फळी फिरवा म्हणून. तुम्ही म्हणालात, तेही घे. मी नाही घेतलं. मला काहीच घ्यायचं नव्हतं, डॅडी. मला बसायचं होतं."

एनॉक तसाच उभा राहिला. बाकाच्या कडेला धरलेला हात थरथरत होता आणि त्याबरोबर बाकावरच्या पटाश्या बारीक वाजत होत्या. मग तो भिंत चाचपत घरात गेला.

पुढचे काही दिवस वेल्डा मक्याची भाकरी ताकाच्या पेल्याशेजारी ठेवायची, तो जेवायचा, बशी पुढं सरकवायचा. रागाहून तिला लाजच जास्त वाटत होती. रात्री पाठ टेकली की ब्रॅडीचा डावा हात दिसायचा. तो हात तिनं पणाला लावला होता, आणि कशासाठी, तर एक संध्याकाळ शांततेत जावी म्हणून.

रविवारी एनॉक चर्चला आला नाही. ती परत आली तेव्हा तो पडवीच्या दारात उभा होता.

"माळ्यावर त्याच बेचक्यातली दुसरी फळी आहे," तो म्हणाला. "लहान आहे. एका टोकाला चीर असेल. काढ खाली."

तिनं काढली. रंधली, पुसली. एनॉक फळीच्या जवळसुद्धा आला नाही.

"तू आख," तो म्हणाला. "मी बोलणार नाही."

ती वाकली आणि तिनं नमुना उचलला. "नळी आधी," एनॉक म्हणाला.

"डॅडी."

"बरं." तो गप्प बसला. तिनं नळीची कड टेकवली. "वरच्या कडेला समांतर..."

"डॅडी!"

"मला नाही जमत," म्हातारा म्हणाला. "तोंड आपोआप उघडतं." टोपी डोक्यावर दाबून तो अंगणात गेला आणि तिच्या जुन्या गाडीत जाऊन बसला. काचा वर केल्या. बाहेरून तो तिथं लिलावाला न्यायच्या वळूसारखा कोंडलेला दिसत होता.

वेल्डा फळीपुढं एकटी उरली. वळण या वेळी तिनं तीनतीनदा पाहिलं, दोन्ही बाजूंनी, कडेनंसुद्धा. बोट शिरेवर ठेवून वरून खालपर्यंत चालवलं. शिरा मुठीच्या बाजूला छान उतरत होत्या. पण तिथं मूठ बसवली की नमुन्याचं पुढचं टोक बरोबर चिरेत जात होतं. नमुना मागं ओढला की चीर सुटायची, पण मान वळणाबाहेर यायची. खाली सरकवला तर मुठीच्या टाचेला लाकूड पुरत नव्हतं. तिनं तो पत्रा किती वेळा उचलला आणि ठेवला कोण जाणे. गुडघे आखडले. एकच वाट होती: मान वळणावर ठेवायची आणि नळीखालचं लाकूड दोन बोटं आखूड करायचं. नळी पुढं तेवढी उघडी राहिली असती. एनॉकच्या घराण्यात तसं कुणी केलं नव्हतं. तो नमुना त्याच्या बापाच्या हातचा होता.

ती विचारायला गाडीपाशी गेली. आत म्हातारा झोपला होता. तोंड उघडं, टोपी घसरलेली, हात मांडीवर. झोपेत ते कापत नव्हते. तिनं काचेवर मारायला बोट उचललं आणि तसंच खाली घेतलं. त्याचे स्थिर हात तिनं किती दिवसांत पाहिले नव्हते.

परत येऊन तिनं नमुन्याचं टोक सोडून दिलं आणि दोन बोटं अलीकडं आडवी रेघ मारली. मग कान, घोडा, चाप, मूठ. डावं-उजवं सारखं राहावं म्हणून मधली रेघ फळीच्या कडेनं चहूबाजूंनी फिरवून आणली. ती जिथून निघाली तिथंच येऊन मिळाली. वेल्डाला आनंद वगैरे झाला नाही. पेन्सिल ठेवली, स्टूल ओढलं आणि बाकावर डोकं टेकून ती बसून राहिली.

ते पिस्तूल व्हायला थंडी सरत आली. कारखान्यातला आकडा आणखी एकदा वाढला होता. कित्येक संध्याकाळी तिनं पटाशी हातात घेतली आणि तशीच ठेवून दिली. दमलेल्या हातानं मानेला हात लावायचा नाही, एवढं तिनं ठरवलं होतं. तेल चढल्यावर ते तिनं एनॉकच्या मांडीवर ठेवलं. त्याचा अंगठा टोकापासून निघाला तो मुठीच्या टाचेपर्यंत गेला. मानेवर बराच वेळ थांबला.

"पुढं आखूड केलंस."

"चीर होती."

"हं." पुन्हा अंगठा फिरला. "मूठ जरा जाड झालीय."

"ब्रॅडीचा पंजा फावड्याएवढा आहे."

"ते आहे," म्हातारा म्हणाला.

दस्ता खांबाला बांधून, लांबून दोरीनं चाप ओढून तिनं दुप्पट दारूचे बार आधीच काढून पाहिले होते. तरी ब्रॅडी घ्यायला आला तेव्हा तिनं मानेवरून पुन्हा एकदा अंगठा फिरवला आणि मगच पिस्तूल त्याला दिलं. त्यानं घोडा ओढला, सोडला, पुन्हा ओढला.

"या खेपेला नीट आखलंस ना गं?" तो डोळे मिचकावत म्हणाला. "की लोखंडी बूट घालून येऊ?"

"पहिलं मी आखलं होतं," एनॉक म्हणाला.

ब्रॅडीनं वर पाहिलं.

"मी," म्हातारा म्हणाला. "तिला चूक दिसली होती, मला दिसली नाही. मी ऐकलं नाही. तुझी पैज माझ्यापायी गेली. हे तिनं आखलंय."

ब्रॅडीनं नुसती मान हलवली आणि पिस्तूल कोटाच्या आत घातलं. वेल्डा दाराशी उभी होती. कधीतरी हे ऐकायला मिळालं तर बरं वाटेल असं तिला वाटलं होतं. पण स्टुलावरचा माणूस एकदम लहान दिसायला लागला होता, आणि ते शब्द त्यानं बोललेच नसते तर तिला हवं होतं. "कॉफी टाकते," ती म्हणाली आणि आत गेली.

वसंतात ब्रॅडी पैजेला उभा राहिला. जिंकला नाही, नळी जरा उजवीकडं ओढते असं चारचौघांत सांगत सुटला, आणि वेल्डा भेटली की म्हणायचा, दोष नळीचा नाही, माझ्या डाव्या डोळ्याचा आहे. एनॉक त्याच वर्षी पानं गळायच्या आत गेला. शेवटी शेवटी त्याला कॉफीही भरवावी लागे, आणि घोटाघोटामध्ये तो पडवीत काय चाललंय ते विचारी.

लोक येत राहिले. आधी "एनॉकच्या पोरीकडं जा" म्हणत, मग नुसतं "वेल्डाकडं" म्हणायला लागले. कारखाना बंद पडेपर्यंत ती कॉलर शिवत होती आणि उरलेल्या वेळात दस्ते करत होती. आखणी मात्र ती रविवारीच करायची, चर्चहून आल्यावर, पोटभर जेवून, तासभर पडून उठल्यावर. आठवड्यात मध्येच कुणी घाई करायला लागलं तर त्याला दारातूनच वाटेला लावायची.

एकदा तालुक्याच्या जत्रेत एका बाईनं तिला कौतुकानं विचारलं, "तुम्हाला फारच आवड असेल नाही या कामाची?"

वेल्डानं जरा विचार केला. "आवड म्हणजे," ती म्हणाली, "येतं मला." आणि बाकड्याखाली बूट सैल करून तिनं पाय लांब केले.